चित्र बोलके, लेबल मुके

फ्लॅट बुशमधल्या कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात जाऊन तेलाचा डबा हातात घ्या. त्यावर वाचण्यासारखे पुष्कळ असते. मेद किती, मीठ किती, कोणी आयात केले, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे, सारे काही बारीक अक्षरांत छापलेले असते. पण ज्या सोयाबीनचे किंवा सरकीचे ते तेल आहे, त्याचे बियाणे प्रयोगशाळेत जनुके बदलून तयार केलेले होते की नव्हते, एवढी एक गोष्ट त्यावर बहुधा नसते. यात दुकानदाराची लबाडी नाही. ते लिहिण्याची सक्ती कायद्यानेच केलेली नाही.

हे पान वाचणारी आपण बहुतेक बेटांवरची माणसे. कोणाचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, कोणी आपल्याच हयातीत मुंबई-पुण्याहून ऑकलंडला आले. बेटावरच्या माणसाच्या स्वयंपाकघरात जहाजातून येणारा माल बराच असतो. गावाकडे शेतकऱ्याला निदान विचारता येते की बाबा, बी कुठले पेरलेस? इथे शेतकरी हजारो मैलांवर, आणि आपल्या हाती केवळ लेबल. ते मुके राहिले तर आपण आंधळे.

लेबल गप्प बसले म्हणून लोक गप्प बसत नाहीत. ते चित्रे काढतात. जनुकबदल केलेल्या अन्नाविषयी, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी असलेल्या 'जीएम' अन्नाविषयी, सामान्य माणसाच्या मनात जे काही आहे त्यातले निम्म्याहून अधिक व्यंगचित्रांनी तिथे नेऊन ठेवले आहे, असे माझे मत आहे. आणि त्याबद्दल व्यंगचित्रकारांना दोष देण्याआधी लेबलाचे नियम करणाऱ्यांनी आरशात पाहावे, असेही माझे मत आहे.

आपल्या ऑकलंडचेच उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २००३ मध्ये इथल्या आणि वेलिंग्टनच्या रस्त्यांवर एक भला मोठा फलक लागला. चार स्तनांची एक विवस्त्र स्त्री, तिला गायीसारखे दूध काढण्याचे यंत्र जोडलेले आणि अंगावर जनावराला देतात तसा 'जीई' या अक्षरांचा डाग. हे पान घरातली सगळी मंडळी वाचतात, म्हणून वर्णन इथेच आवरते घेतो. तो फलक 'मदर्स अगेन्स्ट जेनेटिक इंजिनिअरिंग' या मातांच्या संघटनेने लावला होता. संघटनेच्या संस्थापक ॲलना करी या पूर्वी 'थॉम्पसन ट्विन्स' या गाजलेल्या पॉप संगीताच्या चमूत होत्या, त्यामुळे लोकांचे डोळे आपल्याकडे कसे वळवायचे हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पुष्कळांना फलक किळसवाणा वाटला, स्त्रियांना तर विशेष. मलाही तो आवडलेला नाही.

पण त्यामागचे कारण हवेतले नव्हते. हॅमिल्टनजवळच्या रुआकुरा येथील सरकारी संशोधनसंस्थेला गायींमध्ये मानवी जनुकाची प्रत घालण्याच्या प्रयोगाला परवानगी मिळाली होती. औषधासाठी उपयोगी पडेल असे प्रथिन गायीच्या दुधातून मिळवावे, हा हेतू. मातांची संघटना त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि हरली. त्याच महिन्यात, २९ ऑक्टोबर २००३ रोजी, जीएम पिके प्रयोगशाळेबाहेर मोकळ्या शेतात आणण्याच्या अर्जांवरची स्थगितीही उठणार होती. त्याआधी क्वीन स्ट्रीटवरून हजारोंचा मोर्चा निघाला होता. न्यायमूर्ती सर टॉमस आयकेलबाउम यांच्या शाही आयोगापुढे तर दहा हजारांवर नागरिकांनी आपली निवेदने धाडली होती. आयोगाने २००१ साली दिलेला सल्ला थोडक्यात असा होता, की दार बंद करू नका, पण पाऊल जपून टाका. मोर्चा झाला, निवेदने झाली, कोर्टही झाले. जे हाती उरले ते चित्र.

त्याच्या आदल्या वर्षीचे मक्याचे प्रकरण जुन्या ऑकलंडकरांना आठवत असेल. जुलै २००२ मध्ये, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, पत्रकार निकी हेगर यांचे पुस्तक आले. २००० साली देशात आलेल्या मधुमक्याच्या बियाण्यात जीएम दाणे मिसळले गेले असावेत, असा संशय असतानाही सरकारने ते उघड केले नाही, असा त्यांचा आरोप होता. सरकारने तो साफ नाकारला. चाचण्यांत मिसळ निश्चित सिद्ध झालीच नव्हती, असे सरकारचे म्हणणे. दूरदर्शनवर जॉन कॅम्पबेल यांनी पंतप्रधान हेलन क्लार्क यांना पूर्वसूचना न देता या विषयावर धरले आणि बाईंचा पारा चढला. खरेखोटे काय ते आजही दोन्ही बाजू आपापल्या परीने सांगतात. मला त्यात एवढेच दिसते, की दाण्यांपेक्षा लपवाछपवीच्या वासाने लोक अधिक बिथरले. ताकाला जाऊन भांडे लपवले की गवळ्यालाही संशय येतो, इथे तर मतदार होते.

आता कोणी म्हणेल, व्यंगचित्रकारांचे काय ऐकता? त्यांना हसवायचे असते, खरे सांगायचे नसते. हे बरोबर आहे. चित्र चुकते, आणि कधी कधी फार मोठे चुकते. लंडनच्या जेम्स गिलरेने १२ जून १८०२ रोजी एक चित्र प्रसिद्ध केले. एडवर्ड जेन्नर हे गायीच्या देवीची लस एका घाबरलेल्या बाईच्या दंडात टोचत आहेत आणि आजूबाजूला आधीच टोचून घेतलेली माणसे उभी आहेत. कोणाच्या दंडातून वासरू बाहेर येत आहे, कोणाच्या नाकातून, कोणाच्या तोंडातून. चित्र अफाट गाजले. आणि योगायोग पाहा, त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जून १८०२ रोजी, आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. तिथून ती लस दंडादंडांतून पुढे गेली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. गिलरेचे वासरू कोणाच्याही दंडातून निघाले नाही.

ऑकलंडचा फलक आणि गिलरेचे चित्र शेजारी शेजारी ठेवा. मध्ये दोनशे एक वर्षे गेली, पण गाय तीच आणि भीतीही तीच. माणूस आणि जनावर यांच्यातली रेघ कोणीतरी पुसतो आहे आणि आपल्याला विचारत नाही, ही ती भीती. गिलरे लशीबाबत चुकला. पण लोकांना भरवसा वाटत नाही हे त्याने बरोबर टिपले, आणि ते वैद्यांच्या अहवालात लिहिलेले नव्हते.

आपल्या घराला अधिक भिडणारे चित्र म्हणजे मासा-टोमॅटोचे. लालबुंद टोमॅटो, त्याला शेपूट आणि कल्ले. हे चित्र पाहिले नाही असा माणूस विरळा. अमेरिकेत एका कंपनीने १९९० च्या सुमारास थंड समुद्रातल्या एका माशाचे जनुक टोमॅटोत घालून पाहिले होते, कडाक्याच्या थंडीत फळ टिकावे म्हणून. तो टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. बाजारात १९९४ साली आला तो वेगळा, 'फ्लेवर सेव्हर' नावाचा, उशिरा मऊ पडणारा. त्यात माशाचा संबंध नव्हता. पण चित्र पाहणाऱ्याला हा फरक कोण सांगणार? शाकाहारी घरातल्या आजीबाईंनी टोमॅटो हातात घेऊन विचारले की हा चालतो का, तर त्यांना हसण्यात अर्थ नाही. (चतुर्थीला टोमॅटो मुळातच चालत नाही, तो भाग वेगळा.) विकत कधीच न मिळालेल्या फळाची भीती घराघरांत बसली आणि रोज तळणाला लागणाऱ्या तेलाबद्दल कोणी विचारीत नाही. चित्र खोटे निघाले म्हणून लेबलाची गरज संपत नाही. उलट ती त्यामुळेच वाढते.

नियम काय आहेत ते एकदा नीट पाहून घेऊ. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची अन्नमानकांची संस्था एकच आहे. डिसेंबर २००१ पासून तिने जीएम अन्नावर तसे छापणे सक्तीचे केले. अंतिम अन्नात बदललेले जनुक किंवा त्यापासून झालेले नवे प्रथिन शिल्लक असेल, तर त्या घटकाच्या नावापुढे 'जेनेटिकली मॉडिफाइड' असे लिहावे लागते. म्हणजे सोयाबीनचे पीठ किंवा सोया वडी असेल तर लिहिले पाहिजे. पण शुद्ध केलेल्या तेलात आणि साखरेत जनुकही उरत नाही आणि प्रथिनही उरत नाही, म्हणून त्यांना सूट. एखाद्या घटकात नकळत एक टक्क्यापर्यंत मिसळ झाली तरी सूट. जीएम चारा खाल्लेल्या जनावराचे मांस, दूध, अंडी यांना सूट. आणि हॉटेलात, टेकअवेत किंवा आचाऱ्याकडे तिथल्या तिथे करून दिलेल्या पदार्थाला तर लेबलच नसते.

न्यूझीलंडच्या शेतात आजवर जीएम पिकाची व्यापारी लागवड झालेली नाही आणि मंडईत जीएम ताजी भाजी मिळत नाही. म्हणजे इथल्या मराठी घरात जीएम शिरायची वाट आहे ती बाहेरून आलेल्या, कारखान्यात शुद्ध केलेल्या मालातून. आणि नेमकी तीच वाट नियमाने बिनपाटीची ठेवली आहे. मॉरिशसच्या मंडळींनी साखरेचा विचार करून पाहावा. ब्राझीलने २०१७ साली किडीला दाद न देणाऱ्या जीएम उसाला मंजुरी दिली. अमेरिकेत साखरेच्या बीटाचे पीक जीएम झाले त्याला तर बरीच वर्षे झाली. त्या बीटाची साखर आणि तुमच्या मळ्यातल्या उसाची साखर चमच्यात घेतली तर रसायनशास्त्रज्ञालाही त्यात जनुक सापडणार नाही. नियम म्हणतो, फरक सापडत नाही ना, मग लिहायचे काय?

इथेच माझा मतभेद आहे. वस्तूत काय उरले एवढेच गिऱ्हाइकाला हवे असते, असे नियम करणाऱ्यांनी धरून चालले आहे. ती कशी झाली, हेही माणसाला हवे असते. मंदिरातला प्रसादाचा शिरा आणि हॉटेलातला शिरा यांतही रसायनशास्त्रज्ञाला फरक सापडणार नाही.

अपाय होतो म्हणून लिहा, असे मी म्हणत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली शेकडो संशोधने तपासून सांगितले, की आज विकले जाणारे जीएम अन्न साध्या अन्नापेक्षा आरोग्याला अधिक धोक्याचे असल्याचा पुरावा नाही. मी ते मानतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या भीतिदायक चित्रांपेक्षा त्यावर माझा विश्वास अधिक आहे. पण विष नाही म्हणजे सांगायची गरज नाही, हे कसे? भारतात २००१ पासून पाकिटांवर चौकोनातला हिरवा ठिपका येतो. मांसाहारी पदार्थावर तपकिरी ठिपका येई, त्याचा आता त्रिकोण झाला आहे. मांस विषारी आहे असे त्या खुणेने कोणी समजले का? सामिष खाणारे तपकिरी खूण पाहून खुशाल खातात आणि ज्यांना नको ते हिरवी शोधतात. ठिपका आला म्हणून कोंबडीचा धंदा बसला नाही. मुंबईहून येणारा पाहुणा इथल्या दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर आधी तो ठिपका शोधतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दुसऱ्या बाजूचे लोकही चेष्टेत मागे नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाने लोकांना विचारले, की ज्या अन्नात डीएनए आहे त्यावर तसे लेबल सक्तीचे करावे काय? ८० टक्क्यांहून अधिक लोक हो म्हणाले. आता डीएनए तर प्रत्येक मेथीच्या पानात आणि भाताच्या शितात असतो. विद्वान मंडळी पोट धरून हसली. मीही हसलो. पण ज्याला पाकिटावर काहीच सांगायचे नाही असे ठरवले, त्याला काही कळत नाही म्हणून हसायचे, हा न्याय मला पटला नाही.

व्यंगचित्र सर्वात कमी पडते ते शेतकऱ्याच्या बाबतीत, आणि याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. बीटी वांगे कोणा अमेरिकन कारखान्यात नव्हे, जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी उभारलेल्या 'महिको' या बियाणे कंपनीने तयार केले. त्यातले जनुक अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीकडून घेतलेले, मातीतल्या एका जिवाणूचे. त्यामुळे शेंडे आणि फळे पोखरणारी अळी मरते. भरल्या वांग्यांना चिरा देताना आत अळी निघाली की जो वैताग येतो, तो शेतकऱ्याला एकरांच्या हिशेबाने येतो आणि फवारणीचा खर्च निराळा. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत आपले नागपूरही होते, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. चारच वर्षांत बांगलादेशाने तेच तंत्र आपल्या वांग्यांत घेऊन लागवड सुरू केली. आणि १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेच्या मंडळींनी उघड उघड बंदी असलेले जीएम कापसाचे बी पेरले. पाच वर्षांच्या कैदेची आणि लाख रुपये दंडाची तरतूद ठाऊक असूनही.

आता हा अकोल्याचा शेतकरी चित्रात कुठे बसवायचा? जीएमविरोधी चित्रात पोटभरू कंपनी राक्षस असते आणि शेतकरी तिच्या जबड्यातला घास. हा तर बी मागतो आहे आणि तुरुंगात जायलाही तयार आहे. जीएमच्या बाजूच्या चित्रात विरोधक म्हणजे शहरातली सुखवस्तू, अडाणी बाई. पण नागपूरच्या सुनावणीत विरोध करणाऱ्यांत शेतकरीही होते. चार रेघांत एवढे मावत नाही. पाटीवर मात्र मावते, कारण पाटीला कोणाची बाजू घ्यायची नसते. भारतात १ जानेवारी २०१३ पासून जीएम घटक असलेल्या पाकिटबंद अन्नावर वरच्या बाजूला 'जीएम' ही अक्षरे छापावीत असा नियम आला. नियम दोन अक्षरांचा आहे. कापूस हे तिथले व्यापारी लागवडीचे एकच जीएम पीक आणि सरकीचे तेल कितीतरी फरसाणात जाते, हे लक्षात घेतले की ती दोन अक्षरे किती ठिकाणी दिसायला हवीत याचा अंदाज येतो.

अमेरिकेने मात्र गंमतच केली. तिथे २०१६ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२२ पासून अशा अन्नावर खूण सक्तीची झाली. सरकारने 'जीएम' हा बदनाम झालेला शब्दच टाळला आणि 'बायोइंजिनिअर्ड' हा नवा घेतला. खुणेच्या पहिल्या नमुन्यांत चक्क हसरा सूर्य होता! शेवटी जी खूण कायम झाली तीत हिरवेगार शेत आहे आणि वर सूर्य आहे. आणि कंपनीला हवे तर खुणेऐवजी फोनने टिपायचा चौकोनी कोडही छापता येतो. म्हणजे मासा-टोमॅटोला उत्तर म्हणून सरकारनेही व्यंगचित्रच काढले, फक्त उलट बाजूचे. एक चित्र म्हणते घाबरा, दुसरे म्हणते हसा. दोन साध्या शब्दांनी सांगा, असे कोणालाच सुचू नये?

इकडे आपल्या बाजूलाही वारे बदलत आहेत. जुलै २०२४ मध्ये अन्नमानक संस्थेने दुसऱ्यांदा लोकांची मते मागवली. जनुके नुसती संपादित केली आणि परके जनुक अन्नात उरले नाही, तर त्याला जीएम म्हणूच नये, अशी तिच्या प्रस्तावाची दिशा होती. डिसेंबर २०२४ मध्ये जनुकतंत्रज्ञानावरचे निर्बंध सैल करणारे विधेयकही वेलिंग्टनच्या संसदेत आले. तंत्राला माझा विरोध नाही. अकोल्याच्या शेतकऱ्याला अळीपासून सुटका मिळत असेल तर मला आनंदच आहे. पण प्रत्येक पावलागणिक लेबलावरचा मजकूर कमी होत जावा, ही दिशा मला मान्य नाही. जितके कमी छापाल तितकी चित्रे अधिक निघतील, आणि पुढच्या फलकावर काय असेल याची कल्पनाही करवत नाही.

तोवर वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. शेंगदाणा, तीळ आणि सूर्यफूल यांची जीएम वाणे बाजारात नाहीत, म्हणून त्यांचे तेल निर्धास्त ओळखावे. सोयाबीन, मका, कॅनोला आणि सरकी यांची आहेत. डब्यावर नुसते 'व्हेजिटेबल ऑइल' असेल तर ते यांपैकी कशाचेही असू शकते. ज्यांना याची पर्वा नाही त्यांनी खुशाल वापरावे, त्यात काही बिघडत नाही. ज्यांना आहे त्यांनी विचारावे.

आणि ऑर्मिस्टनच्या आसपास दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या भगिनींना एक विनंती. तुमच्या चकली-शेवेला कायद्याने या लेबलाची सक्ती नाही. तरीही चकलीच्या पुड्यावर भाजणीच्या खाली तेलाचे नाव लिहावे. शेंगदाण्याचे असेल तर शेंगदाण्याचे, कॅनोलाचे असेल तर कॅनोलाचे.